जुना हायवे : रस्ता कोणासाठी दुय्यम होतो?

पुण्याहून मुंबईला निघालेल्या माणसाला आपण सहज विचारतो, ‘कुठून जाणार, एक्सप्रेसवेने की जुन्या हायवेने?’ या प्रश्नातला ‘जुना’ हा शब्द मला आज थोडा तपासून पाहायचा आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, रस्ते बांधले नाहीत. तेव्हा डांबराची जाडी आणि खडीचं प्रमाण यांविषयी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पण एखादी वस्तू जागेवरून तसूभरही हलत नाही आणि तरी एका दिवसात ‘जुनी’ होते, ‘दुय्यम’ होते, हे नेमकं कसं घडतं, हा प्रश्न आमच्या विषयाचाच आहे.

आधी घडतं काय, ते साध्या शब्दांत सांगतो. रस्ता सुरुवातीला गावातून जातो, कारण गावासाठीच तो असतो. बाजार, धर्मशाळा, विहीर, पोलीस चौकी हे सगळं रस्त्याच्या काठाने उभं राहतं. पुढे रस्त्यावर लांबची वाहतूक वाढते. गावातल्या माणसाला रस्ता ओलांडता येत नाही, आणि लांबच्या ट्रकला गाव ओलांडता येत नाही. दोघांची तक्रार एकच, पण कारणं उलटी. मग गावाबाहेरून एक नवा रस्ता काढला जातो. सरकारी मराठीत त्याला ‘बाह्यवळण’ म्हणतात, बोलताना आपण बायपास म्हणतो. लांबची वाहतूक तिकडे गेली की गावातला तुकडा उरतो. तो ‘जुना’ होतो.

आता मुंबई-पुणे रस्ताच घेऊ, कारण त्याचे सगळे थर आपल्याला दिसतात. बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० साली खुला झाला, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना. पेशवाई संपून बारा वर्षं झाली होती. त्याआधी घाटातून माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून. लमाण, वंजारी यांचे तांडे चालायचे. बैलाच्या पाठीला चाकाचा रस्ता लागत नाही, त्याला पायवाट पुरते. म्हणजे १८३० च्या रस्त्याने जिला पहिल्यांदा ‘जुनी’ केलं, ती तांड्यांची वाट होती.

आणि ती वाट तरी किती जुनी? कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच मावळ पट्ट्यात आहेत. ही लेणी नुसती एकांतासाठी डोंगरात कोरली असं मानणं मला कधी पटलं नाही. कोकणातल्या बंदरांकडून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापारी वाटांशी त्यांचं नातं आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या लेखांत दान देणारे कोण आहेत ते वाचा. वैजयंतीचा श्रेष्ठी आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत. परगावची माणसं तिथे दान देतात, याचा अर्थ त्यांची तिथून ये-जा होती. दोन हजार वर्षांपूर्वी तो ‘हायवे’च होता. आज लेण्यांकडे आपण आडवाटेला वळून जातो. खरं म्हणजे लेणी आडवाटेला नाहीत, आपला रस्ता त्यांच्यापासून दूर सरकला आहे.

जुन्नरजवळच्या नाणेघाटाचं असंच. सातवाहनांच्या काळातली वाट, राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख, आणि माथ्यावर तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकायची पद्धत होती असं सांगतात. आज तिथे ट्रेकर जातात, पावसात उलटा धबधबा बघायला गर्दी होते. जकात कोणी देत नाही. एका अर्थी महाराष्ट्रातला फार जुना टोलनाका आज बंद पडलेला आहे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. (श्रोत्यांत हशा.)

बोरघाटाकडे परत येऊ. १८३० चा रस्ता मुख्य झाला, पण किती दिवस? १८६३ साली घाटातून रेल्वे गेली. म्हणजे तेहतीस वर्षांत गाडीरस्ता दुय्यम! माल आणि माणसं दोन्ही आगगाडीकडे वळली. पुढे विसाव्या शतकात मोटार आली, ट्रक आला, आणि तोच रस्ता पुन्हा महत्त्वाचा झाला, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ झाला. मग २००२ साली साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा एक्सप्रेसवे पूर्ण खुला झाला आणि रस्ता दुसऱ्यांदा दुय्यम झाला. रेल्वेचंही तेच. घाटात तिला आधी एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढची चढण चढायची. १९२९ साली नवा मार्ग काढला आणि ते स्टेशन सुटलं.

हे मी एवढ्यासाठी सांगतो की ‘मुख्य’ आणि ‘दुय्यम’ ही रस्त्याची जात नाही. ते त्या त्या वेळचं नातं आहे. थोरला भाऊ थोरला असतो तो धाकट्यामुळे. धाकटा जन्मला नाही तोवर तो नुसता मुलगा असतो. तसं एक्सप्रेसवे होईपर्यंत ‘जुना हायवे’ नावाची वस्तूच जगात नव्हती. होता तो हायवे.

आता प्रश्न असा की नातं बदललं म्हणजे वस्तू बदलली का? बौद्ध परंपरेत मिलिंदप्रश्न नावाचा ग्रंथ आहे. त्यात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की तुम्ही ज्या रथातून आलात तो रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’. मग रथ हे त्या सगळ्यांना मिळून व्यवहारासाठी दिलेलं नाव आहे, अशा ठिकाणी तो संवाद पोचतो. मला तो युक्तिवाद महामार्गाला फार चपखल बसतो असं वाटतं. महामार्ग म्हणजे डांबर का? डांबर दर काही वर्षांनी बदलतं. जमीन का? ती रुंदीकरणात सरकते. क्रमांक का? २०१० नंतर देशातल्या महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले आणि आपला ४ क्रमांक गेला, तो दिल्ली-चेन्नईच्या ४८ चा भाग झाला. पाट्या बदलल्या, रस्ता तिथेच.

आणि यात एक गंमत आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक्सप्रेसवे बांधला तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने. राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक मात्र खोपोली-लोणावळ्याच्या जुन्या रस्त्याकडेच राहिला. म्हणजे कागदावर पाहिलं तर आपण ज्याला दुय्यम म्हणतो तो राष्ट्रीय महामार्ग आहे. नाव एकीकडे आणि वाहतूक दुसरीकडे!

याच्या बरोबर उलट प्रकार २०१७ साली देशभर पाहायला मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत. हेतू स्वच्छ होता, पिऊन गाडी चालवणारे कमी व्हावेत. आता दुकान हलवणं कठीण, पण महामार्ग हलवणं सोपं निघालं. चंडीगढमध्ये प्रशासनाने शहरातल्या राज्य महामार्गांना ‘प्रमुख जिल्हा मार्ग’ असा दर्जा दिला. रस्त्यावरचा एक दगडही हलला नाही, पण महामार्ग तिथून नाहीसा झाला. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की नगरपालिकेच्या हद्दीतल्या परवानाधारकांना तो आदेश लागू करण्याचा हेतू नव्हता. मी याची थट्टा करतो आहे असं वाटेल, पण मुद्दा गंभीर आहे. नाव बदललं की काय कुठे उभं राहू शकतं, कोणाचा धंदा चालतो, कोणाला मनाई आहे, हे सगळं बदलतं. नाव ही नुसती पाटी नव्हे.

नावाबरोबर पैसाही जातो. आपल्याकडे रस्त्यांची उतरंड आहे : राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. प्रत्येक पायरीला मालक वेगळा, खातं वेगळं, निधी वेगळा. राष्ट्रीय महामार्गाचं बाह्यवळण झालं की गावातला तुकडा बहुतेक वेळा एकदा दुरुस्त करून राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा नगरपालिकेकडे सोपवला जातो. एकदा. पुढचं पुढे. आता विचार करा, चार-सहा पदरी रुंदीचा रस्ता, त्यावरचे पूल, मोऱ्या, दुभाजक, दिवे, हे सगळं महामार्गाच्या मापाचं. ते एखाद्या लहान नगरपालिकेच्या गळ्यात पडतं. हत्ती दान मिळाला, चारा तुम्ही बघा!

आणि रस्ता मोकळा झाल्याने एक धोका वाढतो, त्याकडे आपलं लक्ष नसतं. वाहतूक कमी झाली, पण रस्त्याची रुंदी आणि सरळपणा तोच राहिला. आधी ट्रकच्या गर्दीमुळे वेग आपोआप मर्यादेत राहायचा. आता मोकळा रुंद रस्ता दिसला की उरलेली वाहनं सुसाट जातात. त्याच वेळी गावाला वाटतं की हायवे गेला, आता रस्ता आपला. मुलं सायकली काढतात, भाजीवाल्या कडेला बसतात, शाळा सुटते ती थेट रस्त्यावर. रस्त्याची बांधणी एक सांगते आणि वापर दुसरं. माझं मत स्पष्ट आहे : रस्ता हस्तांतरित करताना नुसतं डांबर टाकून देऊ नये, त्याची बांधणी बदलावी. पदर कमी करावेत, पदपथ रुंद करावेत, ओलांडायच्या जागा उंच कराव्यात, झाडं लावावीत. नाव रस्त्याचं आणि अंग महामार्गाचं, हे माणसाच्या जिवावर बेततं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. रस्त्याला दोन अंगं असतात. एक म्हणजे जाणं, आणि दुसरं म्हणजे असणं. रस्त्यावरून माणूस जातो, आणि रस्त्याकाठी माणूस राहतो. जुन्या रस्त्यावर ही दोन्ही अंगं एकमेकांत मिसळलेली होती. खोपोलीला गाड्या थांबायच्या, कारण पुढे घाटाची चढण होती. रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, इंजिन थोडं निववायचं, तेवढ्यात बटाटावडा खायचा. माथ्यावर लोणावळ्याला चिक्की घ्यायची. थांबणं ही प्रवासाची गरज होती आणि त्या गरजेवर गावाचं पोट होतं. एक्सप्रेसवे ही दोन अंगं वेगळी करतो. त्याच्यावर फक्त जाणं शिल्लक ठेवतो. थांबायचं ते नेमून दिलेल्या फूड मॉलमध्ये, जो कुठल्याच गावाचा नसतो. लोणावळा तगलं, वाढलं, कारण लोक तिथे मुद्दाम जातात. ज्या ठिकाणी लोक केवळ वाटेत लागतं म्हणून थांबायचे, त्यांना हा हिशोब जड गेला.

अमेरिकेतल्या रूट ६६ ची गोष्ट तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल. १९२६ साली तो क्रमांक मिळाला. पुढे आंतरराज्य महामार्ग बांधले गेले आणि एकेक गाव बाजूला पडत गेलं. १९८४ साली ॲरिझोनातलं विल्यम्स हे शेवटचं गाव बाजूला पडलं आणि १९८५ साली क्रमांकच रद्द झाला. आज तो रस्ता आठवणींवर जगतो, लोक जुनी मोटेलं आणि पेट्रोल पंप बघायला जातात. योगायोग बघा, आपल्या मुंबई-गोवा रस्त्याचा क्रमांकही आता ६६ आहे! पण कोकणात जाणाऱ्या माणसाला सध्या आठवणींपेक्षा खड्ड्यांची काळजी जास्त आहे, तेव्हा ती तुलना इथेच सोडतो.

आणि एक मोठा फरक आहे. अमेरिकेतल्या त्या रस्त्यावरून जे गेले, ते बहुतेक सगळेच मोटारवाले होते, आणि ते सगळेच नव्या रस्त्यावर जाऊ शकले. आपल्याकडे तसं नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. तीनचाकीला बंदी आहे. ट्रॅक्टर, बैलगाडी, पायी माणूस, कोणालाच परवानगी नाही. बंदीमागचं कारण मला मान्य आहे. शंभरच्या वेगाने धावणाऱ्या गाड्यांमध्ये मोपेड घालणं हा आत्मघात आहे. पण परिणाम काय झाला ते पाहा. एके काळी त्याच रस्त्यावर गव्हर्नरची बग्गी आणि बैलगाडी एकामागे एक होत्या. आता वर्गवारी झाली. चारचाकीवाल्याला दोन रस्ते आहेत, निवड करता येते. दुचाकीवाल्याला एकच आहे. त्याच्या लेखी ‘जुना हायवे’ हा हायवेच आहे. कामशेत-वडगावहून तळेगावच्या कारखान्यात मोटारसायकलवर जाणाऱ्या कामगाराला तुम्ही ‘दुय्यम रस्ता’ म्हणून सांगा, त्याला कळणार नाही तुम्ही कशाबद्दल बोलता आहात. ‘दुय्यम’ हा शब्द लांबून येऊन लांब जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघून ठरवलेला आहे. रस्त्यावर राहणाऱ्याला तो कोणी विचारलेला नाही.

घाटात तर हे फार उघडं पडतं. खंडाळ्याच्या खाली काही अंतर जुना रस्ता आणि एक्सप्रेसवे एकच होतात. डोंगराने दोघांना पुरेल एवढी जागाच दिलेली नाही. तेवढ्या पट्ट्यात दुचाकीला दुसरी वाट नाही, म्हणून ती सहा पदरी वाहतुकीत शिरते आणि मग शिंग्रोबाच्या जुन्या घाटाने खोपोलीला उतरते. नियम डोंगरापाशी येऊन मान खाली घालतो. शिंग्रोबा कोण, हे तुम्हाला माहीत असेल. इंग्रजांच्या इंजिनिअरांना घाटातून वाट दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवून झाल्यावर ज्याला मारलं अशी कथा सांगतात, तो. जुन्या घाटात त्याचं देऊळ आहे, जाणारे नाणं वाहतात. कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरते हा वेगळा प्रश्न, पण लोकांनी ती का जपली हे उघड आहे. वाट ज्याला ठाऊक होती तो एक, आणि रस्ता ज्याच्या नावावर लागला तो दुसरा.

याच पट्ट्यात १८३० चा म्हणून ओळखला जाणारा अमृतांजन पूल होता. बामच्या जाहिरातीवरून त्याला ते नाव पडलं होतं. त्याचे खांब नव्या रस्त्यात अडसर होऊ लागले आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत वाहतूक बंद असताना, तो पाडला. सुरक्षिततेसाठी पाडला, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण तो पाडायला सगळा देश थांबावा लागला, हे लक्षात राहण्यासारखं आहे.

मराठीत एक सुंदर शब्द आहे, ‘वहिवाट’. वाहती वाट. माणसांच्या जाण्याने जी वाट होते आणि जाण्यानेच जिच्यावर हक्क तयार होतो, ती वहिवाट. हा नुसता काव्यात्म शब्द नाही, महसुली शब्द आहे. शेतात जायची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. म्हणजे आपल्या कायद्याला दोन प्रकारचे रस्ते माहीत आहेत. एक राजपत्रात छापून होणारा, दुसरा पायांनी होणारा. पहिला अधिसूचनेने एका दिवसात रद्द होतो. दुसरा वापर थांबेपर्यंत मरत नाही. जुना हायवे हा पहिल्यातून दुसऱ्यात येणारा रस्ता आहे, असं मी म्हणेन. त्याचा अधिकार आता क्रमांकातून कमी आणि वापरातून जास्त येतो.

एक शेवटचा भाग, थोडक्यात. बाह्यवळण बाहेर राहत नाही. पुण्याचा देहूरोड-कात्रज बायपास शहराला वळसा घालायला काढला. त्याच्या काठी वाकड, बाणेर, बावधन, वारजे वाढलं आणि वळसा शहराच्या पोटात आला. चांदणी चौकातली कोंडी इतकी झाली की ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला पूल स्फोटाने पाडावा लागला. कात्रजचा नवा बोगदा आला तसा जुना बोगदा आसपासच्या लोकांचा झाला. आणि खंबाटकीत तर बोगदा झाल्यापासून कित्येक वर्षं साताऱ्याकडे जाताना जुना घाट चढायचा आणि परत येताना बोगद्यातून यायचं, अशी रीत होती. जाताना जुन्यावरून, येताना नव्यावरून. त्या रस्त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे, तो घेऊन थांबतो. विचारलं आहे : ‘खोपोली ते कुसगाव असा मिसिंग लिंक बांधला, तर मग घाटातला एक्सप्रेसवेही जुना म्हणायचा का?’ चांगला प्रश्न आहे. साधारण तेरा किलोमीटरचा तो मार्ग आहे, दोन बोगदे, दोन मोठे पूल, आणि हेतू घाट टाळण्याचाच. नावही बघा, ‘मिसिंग लिंक’. घाट तिथे असताना दुवा ‘हरवलेला’ कोणाला वाटला? ज्याला घाट दिसायलाच नको होता त्याला. तर उत्तर असं की हो, लांबची वाहतूक तिकडे गेली की घाटातला सहा पदरी पट्टा आपल्या बोलण्यात हळूहळू जुना होणार. त्या दिवशी एक गोष्ट मात्र ठरवावी लागेल, आणि ती आधी ठरली तर बरं : मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यातला एक पदर दुचाकीला रीतसर, रेघ आखून, कठडा घालून देणार की नाही.